पाळीव मॉनिटर लिझर्डचे पिल्लू: आहार, निगा आणि घरच्यांचे आरोग्य

मधुमेहाच्या तपासणीसाठी नियमित येणाऱ्या एका आजींनी गेल्या वर्षी मला मोबाइलवर एक फोटो दाखवला. टेक्सासमध्ये राहणाऱ्या त्यांच्या दहा वर्षांच्या नातवाच्या तळहातावर वीतभर लांबीचे एक करडे पिल्लू बसले होते. "डॉक्टर, ही तर घोरपड! हिला म्हणे रोज किडे भरवतात. पुढच्या महिन्यात मी सहा महिन्यांसाठी तिकडे चाललेय आणि सुनेला सातवा महिना लागलाय. घरात हे असलेलं चालेल का?"

या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. पिल्लाला काय लागते हे आधी समजून घ्यावे लागते, मग त्याच्या सहवासात माणसांनी काय सांभाळायचे ते ठरवता येते. मी माणसांचा डॉक्टर आहे, प्राण्यांचा नाही. त्यामुळे पिल्लाच्या आजारपणात अंतिम शब्द सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याचाच असेल. पण आहार आणि स्वच्छता या दोन गोष्टी नीट झाल्या तर पिल्लाचे आणि घरच्यांचे बरेच आजार टळतात. परदेशात ज्या मराठी घरांत असा प्राणी आहे किंवा येऊ घातला आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

थोडक्यात महत्त्वाचे

- भारतात घोरपड पाळणे हा गुन्हा आहे.
- सॅव्हाना मॉनिटरच्या पिल्लाचे मुख्य अन्न किडे आहे. उंदीर आणि खिमा नव्हे.
- पुरेशी ऊब, अतिनील किरणे आणि कॅल्शियम मिळाले नाही, तर उत्तम अन्नही अंगी लागत नाही.
- निरोगी दिसणाऱ्या पिल्लाच्या विष्ठेतही साल्मोनेला जंतू असू शकतात.
- घरात पाच वर्षांखालील मूल असेल, तर सरपटणारा प्राणी न ठेवणे हाच सुरक्षित सल्ला आहे.

मॉनिटर लिझर्ड म्हणजे कोण?

आपली घोरपड ज्या कुळातली, त्याच कुळातल्या सगळ्या जातींना इंग्रजीत मॉनिटर लिझर्ड म्हणतात. इंडोनेशियातला कोमोडो ड्रॅगनही याच कुळातला. अमेरिका आणि युरोपात छंद म्हणून पाळली जाणारी यातली एक जात म्हणजे सॅव्हाना मॉनिटर. हा मूळचा आफ्रिकेतला, सहाराच्या दक्षिणेकडच्या गवताळ प्रदेशातला प्राणी. घाना, टोगो आणि बेनिन या देशांतून त्याची पिल्ले मोठ्या संख्येने निर्यात होतात.

दुकानातले पिल्लू स्वस्त मिळते आणि हातात मावते. पण ते झपाट्याने वाढते. पूर्ण वाढलेला प्राणी साधारण एक मीटर लांब होतो, त्याची नखे आणि शेपटी दणकट असतात आणि चांगली निगा राखल्यास तो दहा वर्षांहून अधिक जगू शकतो. आज दहा वर्षांचा असलेला मुलगा कॉलेजात जाईपर्यंत ही जबाबदारी घरात असणार आहे. मुलगा वसतिगृहात गेला की ती आई-वडिलांवर येते, हेही आधीच धरून चाला.

भारतात घोरपड पाळता येते का?

नाही. भारतात घोरपडीच्या चार जाती आढळतात: आपल्याकडे शेतात-माळावर दिसणारी नेहमीची घोरपड, पाणघोरपड, पिवळी घोरपड आणि वाळवंटी घोरपड. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत या चारही जातींना सर्वोच्च संरक्षण आहे. पकडणे, मारणे, पाळणे, विकणे, मांस किंवा अवयव बाळगणे हे सगळेच गुन्हे आहेत. २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा गुन्ह्याला तीन ते सात वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड अशी शिक्षा आहे.

परदेशी जातींचा प्रश्न वेगळा असला, तरी मोकळीक तिथेही नाही. मॉनिटर कुळातल्या सगळ्याच जाती आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या साइट्स कराराखाली येतात. असा प्राणी भारतात बाळगायचा तर त्याची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. कागदपत्रे नसलेले पिल्लू कोणी 'एक्झॉटिक पेट' म्हणून विकत असेल, तर घेऊ नका.

शेतात किंवा घराच्या आवारात घोरपडीचे पिल्लू दिसले तर त्याला त्याच्या वाटेने जाऊ द्या. जखमी असेल तर महाराष्ट्र वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा. आणखी एक गोष्ट डॉक्टर म्हणून सांगतो. सांधेदुखीवर घोरपडीचे तेल चोळण्याला किंवा ताकदीसाठी तिचे मांस खाण्याला वैद्यकीय आधार नाही. 'हत्था जोडी' नावाने विकली जाणारी 'मुळी' ही वनस्पती नसून बहुधा घोरपडीचा वाळवलेला अवयव असतो. असे काही विकत घेतले तर पैसे जातात आणि गुन्हाही घडतो.

यापुढचा मजकूर जिथे कायद्याने परवानगी आहे अशा देशांतल्या वाचकांसाठी आहे. अमेरिकेत नियम राज्यागणिक आणि कधी शहरागणिक बदलतात. भाड्याच्या घराच्या करारातही अट असू शकते. ते आधी तपासा.

आधी ऊब, मग अन्न

आहाराच्या लेखात तापमानाचा विषय कशाला, असे वाटेल. पण सरपटणारे प्राणी शरीराची उष्णता स्वतः तयार करत नाहीत. त्यांचे पचन बाहेरच्या उष्णतेवर चालते. पिल्लाला पुरेशी ऊब मिळाली नाही, तर पोटातले अन्न पचण्याऐवजी सडते, उलटी होते आणि वजन घटते. म्हणून 'पिल्लू खात नाही' अशी तक्रार असेल तर आधी थर्मामीटर पाहा, मग अन्न बदला.

- ऊन खाण्याची जागा: पेटीच्या एका टोकाला दिव्याखाली दगड किंवा लाकूड ठेवा. त्याच्या पृष्ठभागाचे तापमान ५० अंश सेल्सिअस किंवा थोडे अधिक हवे. ते इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजा; हाताने अंदाज घेऊ नका.
- थंड टोक: दुसऱ्या टोकाला २५ ते २८ अंश तापमान हवे. ऊब आणि गारवा यांतली निवड पिल्लाला स्वतः करता आली पाहिजे.
- अतिनील किरणे: 'यूव्हीबी' दिवा लावा. खिडकीच्या काचेतून येणारे ऊन यासाठी उपयोगाचे नाही, कारण काच ही किरणे अडवते. दिवा डोळ्यांना तितकाच प्रखर दिसत असला तरी त्यातली अतिनील किरणे काही महिन्यांत कमी होतात. कंपनीने सांगितलेल्या मुदतीत तो बदला.
- माती आणि ओलावा: सॅव्हाना मॉनिटर बिळात राहतो. त्याला कागद किंवा गालिचा नको, उकरता येईल अशी माती-वाळू हवी. पिल्लाला निदान वीतभर आणि मोठ्या प्राण्याला दीड-दोन फूट खोल. माती दमट ठेवा. कोरड्या पेटीत पिल्लाच्या शरीरातले पाणी हळूहळू कमी होत जाते आणि ते वरून कळत नाही.
- जागा: पूर्ण वाढीनंतर साधारण आठ फूट लांब, चार फूट रुंद आणि चार फूट उंच पेटी लागते. म्हणजे एका पलंगापेक्षा जास्त जागा. ती घरात कुठे बसेल, हे पिल्लू आणण्याआधी ठरवा.

दिव्यांना जाळीचे आवरण असू द्या आणि पडद्यांपासून ते दूर लावा. पिल्लू भाजणे आणि घरात आग लागणे हे दोन्ही धोके यात आहेत.

निसर्गात ते काय खाते?

सॅव्हाना मॉनिटरला आठवड्याला उंदीर द्यायचा, असा समज पुष्कळ वर्षे होता. प्रत्यक्ष सेनेगल आणि घानामध्ये झालेल्या अभ्यासांत वेगळे चित्र दिसले. हा प्राणी प्रामुख्याने किडे खातो: रातकिडे, टोळ, भुंगेरे, पैसा किडे, विंचू, शिवाय गोगलगायी. घानाच्या किनारी भागातल्या पिल्लांच्या आहारात मोठ्या रातकिड्यांचा वाटा सर्वांत मोठा आढळला. उंदरासारखे सस्तन प्राणी त्यांच्या आहारात जवळजवळ नव्हतेच.

पाळीव प्राण्याला दिवसभर उकरून भक्ष्य शोधावे लागत नाही. त्यात चरबीयुक्त उंदीर मिळत राहिले, की बैठे काम करणाऱ्या माणसाचे होते तेच त्याचे होते: पोट सुटते आणि यकृतात चरबी साठते.

काय द्यावे?

रोजचे अन्न म्हणून:

- रातकिडे
- डुबिया जातीची झुरळे (खाद्य म्हणून वाढवलेली, घरातली नव्हे)
- टोळ
- रेशीमकिड्यांच्या अळ्या
- गांडुळे
- ब्लॅक सोल्जर माशीच्या अळ्या (यांत कॅल्शियम मुळातच चांगले असते)
- खाण्यासाठी वाढवलेल्या गोगलगायी

अधूनमधून, थोडेच:

- मीलवर्म आणि सुपरवर्म (चरबी जास्त)
- उकडलेल्या अंड्याचा लहान तुकडा
- मोठ्या प्राण्याला क्वचित एखादा लहान उंदीर, तोही आधी मारून गोठवलेला आणि पूर्ण वितळवलेला

टाळावे:

- नुसता खिमा, चिकनचे तुकडे, काळीज: यांत हाडे नसल्याने कॅल्शियम जवळजवळ नसते आणि फॉस्फरस भरपूर असतो.
- कुत्र्या-मांजरांचे खाद्य: ते सस्तन प्राण्यांच्या गरजेनुसार बनवलेले असते.
- गोठवलेल्या माशांवरच भिस्त: काही माशांतल्या विकरामुळे थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, नष्ट होते.
- वारंवार कच्चे अंडे: कच्च्या पांढऱ्या बलकातले एव्हिडिन बायोटिन शोषू देत नाही.
- काजवे: त्यांच्यातले विष सरड्यांच्या जिवावर बेतू शकते.
- अंगणात पकडलेले किडे: त्यांच्यावर कीटकनाशक असू शकते, पोटात परजीवी असू शकतात.
- जिवंत उंदीर: तो पिल्लाला चावून गंभीर जखम करू शकतो.

किडा पिल्लाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नसावा. न खाल्लेले रातकिडे पेटीत रात्रभर सोडू नका. ते झोपलेल्या पिल्लाला कुरतडतात.

वयानुसार किती आणि किती वेळा?

- जन्मापासून सहा महिने: रोज. दहा-पंधरा मिनिटांत पिल्लू जेवढे किडे आपणहून खाईल तेवढे.
- सहा महिने ते एक वर्ष: आठवड्यातून पाच-सहा दिवस.
- एक वर्षानंतर: आठवड्यातून तीन-चार दिवस, वजन पाहून.

खाद्य सकाळी द्या. त्यानंतर दिवसभर दिव्याखाली बसायला वेळ मिळाला की पचन नीट होते. पिण्याचे स्वच्छ पाणी कायम हवे, आणि अंग बुडेल एवढे पसरट भांडेही.

कॅल्शियमचे गणित

अन्नात कॅल्शियम फॉस्फरसच्या दीड ते दुप्पट असावे. रातकिड्यात हे प्रमाण नेमके उलटे असते: फॉस्फरस कॅल्शियमच्या कितीतरी पट. म्हणून दोन गोष्टी कराव्या लागतात.

पहिली, किड्यांना खाऊ घालणे. पिल्लाला देण्याआधी २४ ते ४८ तास किड्यांना हिरवा पाला, गाजर, भोपळा आणि कॅल्शियमयुक्त खाद्य द्या. किड्याच्या पोटात जे असेल तेच पिल्लाच्या पोटात जाते.

दुसरी, भुकटी लावणे. वाढत्या पिल्लाला बहुतेक वेळा साध्या कॅल्शियम कार्बोनेटची भुकटी लावलेले किडे द्या. ड-३ आणि इतर जीवनसत्त्वे असलेली भुकटी आठवड्यातून एक-दोनदा पुरते. ड जीवनसत्त्व जास्त झाले तर मूत्रपिंडात आणि रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साठते. माणसांमध्येही ड जीवनसत्त्वाच्या जास्त मात्रेमुळे असाच त्रास होतो. त्यामुळे 'थोडे जास्त झाले तर काय बिघडते' हे इथे चालत नाही. नेमकी मात्रा पशुवैद्याकडून ठरवून घ्या.

तीन महिन्यांच्या पिल्लाचा नमुना आठवडा

- सोमवार: रातकिडे, कॅल्शियम भुकटी
- मंगळवार: डुबिया झुरळे, कॅल्शियम भुकटी
- बुधवार: गांडुळाचे तुकडे आणि ब्लॅक सोल्जर माशीच्या अळ्या, भुकटी नाही
- गुरुवार: रातकिडे, जीवनसत्त्वयुक्त भुकटी
- शुक्रवार: लहान टोळ किंवा रेशीमकिड्यांच्या अळ्या, कॅल्शियम भुकटी
- शनिवार: झुरळे आणि गोगलगायीचा तुकडा, कॅल्शियम भुकटी
- रविवार: रातकिडे, कॅल्शियम भुकटी. आज वजन करा.

वजनासाठी ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या. तो स्वयंपाकघरातला नसावा. वहीत तारीख, वजन, काय खाल्ले आणि शी कशी झाली हे लिहा. बाळाच्या लसीकरणाच्या कार्डावर आपण वजनाची नोंद ठेवतो, तसेच हे. पशुवैद्याला या वहीचा फार उपयोग होतो. पहिली तपासणी पिल्लू आणल्याच्या आठवड्याभरातच करा आणि विष्ठा तपासून घ्या. आयात केलेल्या पिल्लांत जंत आणि गोचिडी आढळतात.

आहार चुकला तर होणारे आजार

हाडे मऊ होणे. मुलांमधला मुडदूस तुम्हाला माहीत असेल. कॅल्शियम किंवा ड जीवनसत्त्व कमी पडले की वाढती हाडे मऊ राहतात आणि वाकतात. पिल्लात साधारण तेच होते. रक्तातले कॅल्शियम टिकवण्यासाठी शरीर हाडांतून कॅल्शियम काढू लागते. जबडा मऊ लागणे, पाय वाकणे, अंग उचलून न चालता सरपटणे, पायांना किंवा शेपटीला कंप सुटणे ही लक्षणे आहेत. कंप दिसला तर त्याच दिवशी पशुवैद्य गाठा.

गाऊट. माणसाच्या सांध्यांत युरिक ॲसिड साठून गाऊट होतो. सरडे आणि घोरपडी नत्रयुक्त टाकाऊ द्रव्य युरिक ॲसिडच्या रूपातच बाहेर टाकतात. त्यांच्या विष्ठेतला पांढरा भाग म्हणजे तेच. पाणी कमी पडले की ते मूत्रपिंडात आणि सांध्यांत साठते. हा पांढरा भाग मऊ असावा. तो खडूसारखा कडक आणि पिवळसर होऊ लागला तर पाणी आणि ओलावा तपासा.

लठ्ठपणा. जमिनीला टेकणारे पोट, फुगलेले शेपटीचे बूड, हालचालीचा कंटाळा. फोटोत असे प्राणी 'गुटगुटीत' दिसतात. प्रत्यक्षात अनेकदा यकृत चरबीने भरलेले असते.

कात अडकणे. ओलावा कमी असेल तर बोटांवर आणि शेपटीच्या टोकावर जुनी कात अडकते आणि रक्तपुरवठा तुटतो. ती ओढून काढू नका. कोमट पाण्यात भिजू द्या.

घरच्यांसाठी सर्वांत महत्त्वाचे: साल्मोनेला

सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यात साल्मोनेला जंतू राहू शकतात आणि त्याने प्राण्याला काहीच होत नाही. जंतू विष्ठेतून सतत नाही, अधूनमधून बाहेर पडतात. त्यामुळे एकदा केलेली विष्ठा तपासणी 'नकारात्मक' आली म्हणून निर्धास्त होता येत नाही. प्राण्याला अँटिबायोटिक देऊन जंतू घालवण्याचा प्रयत्नही करू नका. जंतू हटत नाहीत आणि औषधांना दाद न देणारे तयार होतात.

प्राण्याला हात न लावताही संसर्ग होतो. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हर प्राणिसंग्रहालयात कोमोडो ड्रॅगन पाहून आलेल्या मुलांमध्ये साल्मोनेलाची साथ आली. ३९ जणांचा संसर्ग तपासणीत निश्चित झाला. आजारी मुलांनी ड्रॅगनला स्पर्श केला नव्हता. त्यांनी कुंपणाच्या लाकडी कठड्यावर हात ठेवले होते. ज्यांनी नंतर हात धुतले, त्यांना आजार होण्याची शक्यता कमी होती.

हा जंतू टायफॉइडच्या जंतूचा भाऊबंद आहे, पण आजार वेगळा आहे. टायफॉइडची लस घेतलेली असली तरी या संसर्गापासून संरक्षण मिळेल असे धरू नका, आणि विडाल चाचणीवरून याचे निदान होत नाही. त्यासाठी शौचाचा किंवा रक्ताचा कल्चर लागतो.

धोका कोणाला जास्त?

- पाच वर्षांखालील मुले, विशेषतः तान्ही बाळे
- ६५ वर्षांवरील व्यक्ती
- गर्भवती स्त्रिया
- केमोथेरपी, स्टेरॉइड किंवा अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधे घेणारे, एचआयव्हीबाधित
- सिकलसेलचे रुग्ण (यांच्यात हा जंतू हाडांपर्यंत पोहोचू शकतो)
- नियंत्रणात नसलेल्या मधुमेहाचे रुग्ण

तान्ह्या बाळात हा जंतू रक्तात आणि मेंदूच्या आवरणापर्यंत जाऊ शकतो. बाळ पिल्लाजवळ जात नाही, हे पुरेसे नाही. पेटी साफ करणाऱ्याचे हात आणि कपडे बाळापर्यंत जातात.

रोजची स्वच्छता

- पिल्लू, पेटी, पाण्याचे भांडे किंवा किडे हाताळल्यावर साबणाने किमान २० सेकंद हात धुवा. मूल धूत असेल तर मोठ्याने उभे राहून पाहावे.
- मॉनिटर अनेकदा पाण्यातच शी करतो. म्हणजे पाण्याचे भांडे ही पेटीतली सर्वांत घाण वस्तू असू शकते. ते रोज बदला आणि स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये कधीही धुऊ नका.
- बाळाला अंघोळ घालतात त्या टबमध्ये पिल्लाला बसवू नका.
- पिल्लाला घरभर मोकळे सोडू नका. स्वयंपाकघर, जेवणाचे टेबल आणि पलंग वर्ज्य.
- पिल्लाचा पापा घेऊ नका, त्याला हाताळताना काही खाऊ नका.
- गोठवलेले उंदीर माणसांच्या फ्रीजमध्ये ठेवू नका. गोठवल्याने साल्मोनेला मरत नाही. अशा उंदरांमधून लोकांना संसर्ग झाल्याची उदाहरणे अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये नोंदली गेली आहेत.
- गर्भवतीने उंदीर हाताळूच नयेत. काही उंदरांत गर्भाला अपाय करणारा एक विषाणू असू शकतो.
- ज्यांना कोळंबीची ॲलर्जी आहे त्यांनी रातकिडे-झुरळे हाताळताना सावध राहावे. दोन्हींमधली काही प्रथिने सारखी असल्याने त्रास होऊ शकतो.

डॉक्टरांकडे कधी जावे?

संसर्गानंतर साधारण सहा तास ते सहा दिवसांत जुलाब, ताप आणि पोटात कळा सुरू होतात. निरोगी माणूस बहुधा चार ते सात दिवसांत बरा होतो. ओआरएस आणि भरपूर पाणी हा मुख्य उपचार. प्रत्येकाला अँटिबायोटिक लागत नाही, म्हणून घरात उरलेल्या गोळ्या घेऊ नका.

पुढीलपैकी काही असेल तर थांबू नका:

- १०२ अंश फॅरनहाइटहून जास्त ताप
- शौचातून रक्त
- तीन दिवसांहून जास्त जुलाब
- पाणीही न टिकणे, लघवी कमी होणे, चक्कर, सुस्ती
- तीन महिन्यांखालील बाळाला कोणताही ताप
- वर दिलेल्या धोक्याच्या गटातली व्यक्ती

डॉक्टरांना घरात सरपटणारा प्राणी आहे हे आपणहून सांगा. आम्ही कुत्र्या-मांजरांबद्दल विचारतो, घोरपडीबद्दल विचारायचे सहसा सुचत नाही.

चावले किंवा ओरखडले तर

पिल्लाचे दात बारीक, पण धारदार आणि मागे वळलेले असतात. त्याने पकडून ठेवले तर हात हिसडू नका, जखम फाटते. शांत राहून त्याला सुटू द्या. नंतर वाहत्या पाण्याखाली साबणाने १० ते १५ मिनिटे जखम धुवा, पोव्हिडोन आयोडीन लावा आणि धनुर्वाताचे इंजेक्शन कधी घेतले होते ते तपासा. जखम खोल असेल, बोटाच्या सांध्यावर असेल, सूज किंवा लाली वाढत असेल तर डॉक्टरांना दाखवा. रेबीज हा सस्तन प्राण्यांचा आजार आहे; तो मॉनिटरच्या चाव्यातून होत नाही.

गावाकडच्या वाचकांसाठी एक सूचना. शेतात, गवतात किंवा अंधारात काहीतरी चावले आणि 'घोरपडच असेल' असा फक्त अंदाज असेल, तर तो सर्पदंशच समजा आणि लगेच रुग्णालय गाठा.

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पिल्लू दोन दिवस खात नाही. काय करू?
नवीन जागेत आल्यावर काही दिवस असे होऊ शकते. तापमान तपासा, लपायला जागा द्या, सारखे हाताळू नका. आठवडाभर खाल्ले नाही, वजन घटले किंवा डोळे खोल गेले तर पशुवैद्याकडे न्या. जबरदस्तीने भरवू नका.

आम्ही शाकाहारी आहोत. त्याला भाज्या चालतील का?
नाही. हा मांसाहारी प्राणी आहे. घरात रोज जिवंत किडे आणणे, वाढवणे आणि देणे जमणार नसेल, तर हा प्राणी तुमच्यासाठी नाही.

कंटाळा आला तर रानात सोडून देता येईल का?
नाही. तो तिथे मरेल किंवा तिथल्या प्राण्यांना उपद्रव होईल. अनेक ठिकाणी हा गुन्हाही आहे. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या बचाव संस्थेशी किंवा पशुवैद्याशी बोला.

आजींना मी काय सांगितले?

त्यांची साखर नियंत्रणात होती. हात धुण्याचे पथ्य पाळून, पेटीच्या खोलीत न झोपता त्या राहू शकत होत्या. पण दोन महिन्यांत घरात बाळ येणार होते. आईबाबांची झोप मोडलेली असताना, एका हाताने दुधाची बाटली आणि दुसऱ्या हाताने पाण्याचे भांडे अशी धावपळ असताना, वर दिलेले प्रत्येक पथ्य दिवसातून दहा वेळा, पाच वर्षे पाळले जाईल, असे मला वाटले नाही. मी तसे स्पष्ट सांगितले: पिल्लासाठी दुसरे घर शोधा, आणि बाळ यायच्या आधी शोधा.

नातू दोन दिवस आजीशी फोनवर बोलला नाही. शेवटी त्याच्याच वर्गमित्राच्या घरी पिल्लू गेले. त्या घरात लहान मूल नव्हते आणि मोठी पेटी आधीच होती. नातवाने जाताना वजनाची वही सोबत दिली. दर रविवारी तो तिकडे जाऊन वजन करतो आणि घरी आल्यावर कपडे बदलून, हात धुऊन मगच बहिणीला घेतो. आजी म्हणाल्या, "हात धुवायला आता मला सांगावं लागत नाही. तोच मला सांगतो."